समुद्राकडे तोंड, गावाकडे पाठ

दिवाळीनंतरचे चार दिवस आजोळी काढायचे, हा आमच्या घरातला तीन पिढ्यांचा शिरस्ता. आजोळ वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याच्या बाजूला. बेळगावहून चंदगडच्या रस्त्याने निघावे, आंबोलीचा घाट उतरावा, सावंतवाडीत मोती तलावाकाठी चहा घ्यावा आणि जेवणवेळेच्या आत मामांच्या अंगणात पोचावे. मामा आता नाहीत. मामी आहेत. नव्वदीला आल्या तरी हातांना स्वस्थता नाही. मी पोचलो तेव्हा त्या पडवीत बसून माडाच्या चुडताचे हीर काढीत होत्या.

त्यांचा नातू शहरातली नोकरी सोडून गावी परतला आहे. घराच्या मागच्या दोन खोल्या नीटनेटक्या करून त्याने पाहुण्यांसाठी उघडल्या आहेत. त्याला एक माहितीपत्रक छापायचे होते. मी आयुष्यभर मराठीचा मास्तर. शिवाय माझ्या नावावर दिवाळी अंकांतले पाचपंचवीस लेख. तेव्हा मजकुराचे काम माझ्याकडे येणार हे ठरलेलेच होते. पण त्याने ते निम्मे आधीच करून ठेवले होते. १९९६ साली मी या गावावर एक प्रवासलेख लिहिला होता. मामांनी जपून ठेवलेला तो अंक त्याने कपाटातून काढला आणि म्हणाला, "काका, नवीन कशाला लिहिताय? हाच देऊया. एकदम मस्त आहे." आणि त्याने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

वाचून झाल्यावर मामी हातातले चुडत बाजूला ठेवून म्हणाल्या, "झिला, सगळा बरा लिवलंस. पण आमी खंय आसंव त्यात?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप लागेना. मग उठून तो लेख पुन्हा वाचला, एखाद्या विद्यार्थ्याची वही तपासावी तसा. आजचे हे टिपण म्हणजे त्या तपासणीचा वृत्तांत. हे प्रवासवर्णन नव्हे. किनाऱ्याच्या प्रवासवर्णनांविषयीची तक्रार आहे, आणि तक्रारीतला पहिला आरोपी मीच आहे.

माझ्या त्या लेखातला एक परिच्छेद जसाच्या तसा देतो: 'अथांग निळ्या सागराच्या कुशीत हे चिमुकले गाव विसावले आहे. रुपेरी वाळूचा गालिचा दूरवर पसरला आहे. माडांच्या राया वाऱ्यावर डुलत आहेत. किनाऱ्यावरची सुरूची बने थकल्याभागल्या जिवाला साद घालतात. लाल मातीची वाट आपल्याला कौलारू घरांकडे घेऊन जाते. इथली माणसे फणसासारखी, वरून काटेरी पण आतून गोड.'

सहा वाक्ये. आता विशेषणे सोडा आणि फक्त क्रियापदे पाहा. गाव विसावते, वाळू पसरते, माड डुलतात, बने साद घालतात, वाट घेऊन जाते. या सर्वांना काही ना काही काम आहे. माणसांच्या वाक्यात मात्र क्रियापदच नाही! ती नुसती फणसासारखी. मामींचा प्रश्न व्याकरणाचा होता, आणि तो चौथी शिकलेल्या बाईला चटकन कळला. मला मात्र तीस वर्षे इयत्तेमागून इयत्तेला वाक्यपृथक्करण शिकवूनही कळला नव्हता.

बरे, ज्यांना क्रियापदे दिली ती तरी खरी आहेत काय? माड डुलतात, पण त्याआधी ते लावावे लागतात. आळी करावी लागतात, खत घालावे लागते, उन्हाळाभर शिंपावे लागते, पाडेल्याला बोलावून नारळ उतरवावे लागतात. मी लेख लिहिला त्या वर्षी मामा पहाटे उठून शिंपणे करीत. त्या पाण्याच्या आवाजाने मला जाग येई आणि मी कूस बदलून पुन्हा झोपत असे. लेखात ते पाणी आले नाही. सुरूची बने तर मूळची इथली नव्हेतच. हे झाड ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचे. वाळू आणि वारा अडवण्यासाठी वनखात्याने ते किनाऱ्यावर लावले. काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. म्हणजे ज्याला आम्ही 'निसर्गाने मुक्तहस्ताने केलेली उधळण' म्हणतो, त्यातला बराच भाग कोणीतरी हाताने लावलेला, राखलेला आणि बहुधा सातबाऱ्यावर नोंदलेला असतो. श्रम पुसून टाकले की उरते त्याला आम्ही निसर्ग म्हणतो.

ही दृष्टी मराठीत मुळापासून होती असे मात्र नाही. मराठी प्रवासवर्णनाचा आरंभीचा मोठा ग्रंथ म्हणजे गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडला तो हवापालट म्हणून नव्हे. घरात कर्ज होते, आणि उत्तरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी आशा होती. पुढे बंडाच्या धामधुमीत सापडून त्याने झाशीचा वेढा पाहिला. पुस्तक छापून यायला १९०७ साल उजाडले. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आपल्या वाचकांना ते घरचेच वाटेल. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: पोटासाठी फिरणाऱ्या माणसाचे डोळे. कुठे काय शिजते, कोण काय देतो, रस्त्यात भय कसले, हे त्याला दिसते, कारण त्याचे त्यावाचून चालणार नसते. गरजेने फिरणारा माणूस गावाकडे पाठ करून उभा राहूच शकत नाही.

मग आपला मध्यमवर्ग रजा काढून फिरू लागला. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाने प्रवासवर्णनाला वाङ्मयीन डौल दिला. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) ते घरोघर नेले. या दोन्ही पुस्तकांचा विषय दूरचा देश जितका आहे तितकाच त्या देशासमोर उभा राहिलेला लेखक आहे, आणि ते लेखक तेवढे भरगच्च होते म्हणून ते शोभले. आम्ही अनुकरण करणाऱ्यांनी मात्र 'मी' घेतला आणि त्या 'मी'ला पेलणारे निरीक्षण मागे ठेवले.

कोकण-गोव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. विशेषणे आम्हाला कवितेने आयती पुरवली. बा. भ. बोरकर हे जुवारीकाठच्या बोरी गावचे. नदी, माड, चांदणे हे सारे त्यांच्या घरातले. घरच्या वस्तूचे वर्णन करताना कवी सैल झाला तरी त्याला ते शोभते, कारण त्या वस्तूचे देणे त्याने चुकवलेले असते. घाट उतरून दोन दिवसांसाठी आलेल्या आमच्यासारख्यांनी ते शब्द उसने घेतले आणि गाव तिथेच ठेवले. उसन्या शब्दांची एक खूण असते. ते कुठल्याही गावाला लागू पडतात. माझ्या परिच्छेदातले गाव काढून तिथे गुहागर, मालवण, काणकोण किंवा गोकर्ण घाला. एक अक्षर बदलावे लागणार नाही.

आणि मौज अशी, की माझ्या आजोळाच्या पंचक्रोशीतच याला उत्तर लिहून ठेवलेले आहे. शिरोड्याला लागून आरवली. जयवंत दळवींचे गाव. त्यांचे 'सारे प्रवासी घडीचे' १९६४ साली आले. नावात प्रवासी असले तरी त्यात कोणी सहलीला गेलेले नाही. प्रवासी आहेत ते गावातलेच, या जगात घडीभर आलेले. तिथली माणसे भांडतात, उसने मागतात, थापा मारतात, मरतात. समुद्र आसपास आहेच, पण तो कुणाच्या आड येत नाही. वेंगुर्ल्याच्या दुसऱ्या अंगाला कोंडुरा. तिथे आज पर्यटक उभे राहून फोटो काढतात. याच तालुक्यात जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांना मात्र त्या जागेत भय, श्रद्धा आणि पाप यांची गुंतागुंत दिसली आणि त्यातून १९६६ ची 'कोंडुरा' कादंबरी उभी राहिली. तीच लाट, तोच कातळ. दृश्य डोळ्यांसमोर असण्याने साहित्य होत नाही. त्या दृश्याशी कुणाचे काय अडकले आहे हे कळल्याने होते.

कोणी म्हणेल, कादंबरीकाराशी बिचाऱ्या प्रवासलेखकाची तुलना कशाला? त्याला चार दिवसांत किती दिसणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून मी प्रवासलेखकाकडून कादंबरीची अपेक्षा धरीत नाही. किनारा, अभयारण्य आणि कारागिरी ही आमच्या लेखांची तीन ठरलेली प्रकरणे. या तीन ठिकाणी त्याला चार दिवसांत सहज दिसेल असे काय आहे आणि ते तो का लिहीत नाही, एवढेच पाहू.

पहिला किनारा. आमच्या लेखांत किनाऱ्यावर कायम संध्याकाळ असते. सूर्यास्त झाला की लेखक खोलीवर परततो आणि माशांचे कालवण जेवतो. मासा ताटात कुठून आला, हे विचारायचे राहून जाते. सकाळी लवकर उठून त्याच वाळूवर गेले, तर रापण दिसण्याचा संभव असतो. होडीने अर्धगोल फिरून जाळे टाकलेले असते आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून माणसे ओढीत असतात. बायका, म्हातारे, पोरे, सगळ्यांचा हात लागतो. जाळे वर आले की वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. म्हणजे आमचा रुपेरी गालिचा हा कुणाचा तरी कारखाना आहे. यांत्रिक बोटी वाढल्या तसे रापणकारांच्या जाळ्यात येणारे घटले. गोव्यात रापणकारांनी १९७० च्या दशकात मोठे आंदोलन केले ते याच पोटाच्या प्रश्नावर. आजही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. समुद्र तेव्हा खवळलेला असतो आणि तोच माशांच्या विणीचा हंगाम. त्या ६१ दिवसांत कोळ्याचे घर कसे चालते, यावर मराठी प्रवासवर्णनात मला एक पान आठवत नाही. कारण पावसाळ्यात आम्ही जातच नाही. जिथे आषाढ नाही असा कोकण आम्ही शंभर वर्षे रंगवीत आलो आहोत.

शिरोड्याचेच घ्या. तिथे मिठागरे आहेत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात हे गाव देशभर गाजले. वि. स. खांडेकर तेव्हा तिथल्याच शाळेत शिक्षक होते. माझ्या १९९६ च्या लेखात सत्याग्रह आहे, खांडेकर आहेत, मीठ पिकवणारा माणूस नाही. उन्हात मिठागरात उभे राहून फळीने मीठ ओढणाऱ्याच्या पायांकडे पाहिले असते, तर सत्याग्रहाचाही अर्थ मला थोडा अधिक कळला असता.

दुसरे, अभयारण्य. आपल्या बेळगाव-खानापूरकरांना हे प्रकरण परके नाही. अनमोडचा घाट उतरला की मोले. भगवान महावीर अभयारण्याचा गाभ्याचा १०७ चौरस किलोमीटरचा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. दूधसागर याच जंगलात. त्याच्या उत्तरेला म्हादई अभयारण्य, १९९९ साली जाहीर झालेले, २०८ चौरस किलोमीटरचे. दक्षिणेला कर्नाटकात अणशीचे राष्ट्रीय उद्यान; दांडेलीसह ते २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाले आणि २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. या सर्वांवर आमचे लेख एकाच साच्याचे. जीपगाडी निघते, धबधब्याचे तुषार अंगावर येतात, वाघ दिसत नाही, पण 'दिसला नाही तरी त्याचे अस्तित्व जाणवत राहते' असे शेवटचे वाक्य येते.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात, सत्तरीतल्या गोळावली परिसरात, चार वाघ मेलेले सापडले. विषबाधेने. गुरे मारल्याच्या रागातून विष घातले गेले, असे तपासात पुढे आले. एका बाजूला चार वाघ, दुसऱ्या बाजूला जंगलातच पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखून जगणारे एखादे घर आणि गोठ्यातली मेलेली जनावरे. या घटनेला आमच्या साच्यात जागा कुठे आहे? तुषार आणि अस्तित्व यांच्यामध्ये ती बसत नाही. २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, आणि त्यावरून वाद पेटला. वाघ वाचलाच पाहिजे असे मला वाटते. पण ज्याची गाय गेली त्याचे म्हणणे न ऐकता ते लिहिणे सोपे आहे, म्हणूनच मला स्वतःवर संशय येतो.

आणि म्हादई म्हणजे कोण? खानापूर तालुक्यातल्या डेगावजवळ उगम पावणारी आपल्या घरची नदी. तिच्या पाण्याच्या वाटणीवर लवादाने २०१८ साली निवाडा दिला, आणि त्यानंतरही दोन्ही राज्यांत मोर्चे आणि खटले थांबले नाहीत. बेळगावचा लेखक पणजीच्या मांडवी पुलावर उभा राहून दिव्यांचे प्रतिबिंब वर्णितो आणि हे पाणी आपल्याच तालुक्यातून आले हे विसरतो. काकासाहेब कालेलकरांनी 'लोकमाता' हे नाव देऊन नद्यांवर पुस्तक लिहिले. त्यांचे आडनावच सावंतवाडीजवळच्या कालेलीचे. बालपणाची काही वर्षे त्यांनी कारवारात काढली. नदीला आई म्हणणे भाबडे वाटेल कदाचित. पण आई म्हटले की तिच्या लेकरांमधली भांडणेही लिहावी लागतात. 'विलोभनीय पात्र' म्हटले की ती जबाबदारी संपते.

तिसरे, कारागिरी. आमच्या लेखात तिला एक वाक्य मिळते: 'सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आठवण म्हणून घेतली आणि परतीच्या प्रवासाला लागलो.' कारागीर म्हणजे परतीच्या वाटेवरचे दुकान! १९९६ साली हे वाक्य मीही लिहिले. यंदा मात्र चितारआळीत दोन तास बसलो. चरकावर लाकूड फिरते. त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला रंगाचे कडे चढते. कुंचला न लावता तो रंग पक्का होतो. शेजारच्या घरात गंजिफा रंगत होती. दशावतारी गंजिफेचे १० रंग, दर रंगाची १२ पाने, एकूण १२०, सगळी गोल, सगळी हाताने रंगवलेली. ही कला बुडत चालली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात कारागीर बसवून ती तगवली. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या अशाच राखल्या. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक मराठी वाचकांनी 'चित्रकथी' हा शब्द प्रथमच ऐकला.

याच फेरीत बाजारातल्या एका दुकानात सावंतवाडीच्या खेळण्यांशेजारी चन्नपट्टणची खेळणी मांडलेली दिसली, चिठ्ठी नाही, गाव नाही. मला त्या क्षणी आमच्या गोकाकची लाकडी फळे आठवली. लहानपणी बेळगावच्या घरी गौरीपुढे गोकाकची केळी आणि सीताफळे मांडलेली असत. आजोळी गणपतीपुढे सावंतवाडीचे आंबे आणि पेरू. दोन्ही फळे लाकडाची. एका बाजूला चित्रगार, दुसऱ्या बाजूला चितारी. घाटाच्या वर कन्नड, खाली मराठी. हातातली कसब मात्र शेजारणीसारखी. हा लेख आपल्या सीमाभागातल्या लेखकाने लिहायचा नाही तर कोणी लिहायचा? पण आम्ही तो लिहिला नाही, कारण खेळणे आम्हाला आठवणवस्तू वाटले, कुणाचा व्यवसाय वाटला नाही.

कारागिरीवर लिहावे कसे, हे पाहायचे असेल तर महाबळेश्वर सैल वाचावेत. कारवारच्या माजाळीचे, कोकणी आणि मराठी दोन्हींत लिहिणारे. त्यांच्या 'हावठण' या कोकणी कादंबरीला २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला. विषय गोव्यातल्या कुंभारांचा, विझत चाललेल्या भट्टीचा. मडके तिथे शोभेची वस्तू नाही. माती कुठून आणायची, लाकूड कुठून, विकत कोण घेणार आणि मुलगा हा धंदा करील की नाही, अशा प्रश्नांनी ते मडके भरलेले आहे.

सैलांचे नाव निघाले म्हणून माझ्या दुसऱ्या एका अपराधाची कबुली देतो. नव्वदच्या दशकातच मी कारवारवर एक लेख लिहिला होता. सीमाभागातल्या अंकांत असे लेख नेहमी येत, आजही येतात. आपण गोव्यात, कारवारात, कुठेही गेलो की पहिल्यांदा दुकानांच्या पाट्या वाचतो. मराठी बोलणारा भेटला की गहिवरतो. मीही गहिवरलो होतो. भजनी मंडळे मोजली, नाटकांच्या जाहिराती मोजल्या. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी इथे भावाकडे राहिले होते, तेही नोंदवले. त्याच दशकात त्या किनाऱ्यावरची अर्गा परिसरातली गावे नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पासाठी उठत होती. माणसे पिढ्यांची घरे, मासेमारीचे किनारे सोडत होती. ती माणसे कोकणी बोलत, कन्नड बोलत, काही मराठीही बोलत. मी त्यांची भाषा ऐकली, बोलणे ऐकले नाही. भाषेवरचे आपले प्रेम खोटे आहे असे मी म्हणणार नाही. या अंकाचा वाचक ते म्हणू देणारही नाही, आणि ते बरोबरच आहे. पण माणसाला केवळ आपल्या भाषेचा पुरावा म्हणून पाहणे हेही त्याच्याकडे पाठ करणेच आहे.

इथपर्यंत आलो आणि मामींच्या नातवाने माझी अडचण केली. सकाळी मी त्याला रात्रीचे हे सारे चिंतन ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, तुमचं पटतंय. पण रुपेरी वाळू नाही लिहिली तर माणूस येणार कसा? खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता भरायचा आहे."

याला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आमच्या पिढीने हौसेने लिहिलेले गद्य या काळात गावाच्या पोटापाण्याचे साधन होऊन बसले. जे शब्द आम्ही गावावर लादले, तेच आता गाव स्वतः विकते आहे. मग तक्रार करण्याचा मला काय अधिकार?

दिवसभर विचार केल्यावर मला एवढे उमगले. जाहिरातीला विशेषणांचा हक्क आहे. ती उघडपणे काहीतरी विकते आणि वाचकाला ते ठाऊक असते. दिवाळी अंकातला लेख काही विकत नाही असे सांगून तेच शब्द वापरतो, तेव्हा तो फसवणूक करतो. नातवाचे रुपेरीपण मी समजू शकतो. माझ्या रुपेरीपणाला सबब नाही. शिवाय ही विशेषणे विकून गावाचे फार काळ भागेल असेही नाही. प्रत्येक गावाची वाळू रुपेरी असेल तर पाहुणा जिथे खोली स्वस्त तिथे जाईल. ज्याला माणसे भेटली, तोच त्या माणसांसाठी परत येईल.

शेवटी आम्ही तडजोड केली. पत्रकाच्या पहिल्या पानावर त्याची रुपेरी वाळू राहिली. दुसऱ्या पानावर मी साधी माहिती लिहिली: रापण असेल तर सकाळी किती वाजता जावे आणि ओढायला हात लावावा, मिठागर कुठे आहे आणि आत जाण्यापूर्वी कुणाला विचारावे, चितारआळीत घासाघीस का करू नये, वायंगणीला कासवांची अंडी राखतात तिथे विजेरी का लावू नये, पावसाळ्यात आलात तर काय मिळणार नाही आणि काय मिळेल. आणि खाली एक ओळ: 'या घरातले माड कै. आजोबांनी लावले. त्यांचे हीर आजी अजून स्वतः काढतात.'

नातवाने ते पान मामींना वाचून दाखवले. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "हीर काढतंय ता लिवलंस. खराटो केवढ्याक, ता पण लिव."

मी किंमत लिहिली. मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेत याहून नेमकी सूचना मी वाचलेली नाही. पुढच्या दिवाळीला आपल्यापैकी कोणी घाट उतरून किनाऱ्यावर जाईल आणि परतल्यावर लेख लिहायला बसेल, तर त्याने आधी एवढे करावे: लेख पुरा झाला की माणसांची वाक्ये वेगळी काढावीत आणि त्यांत क्रियापद आहे की नाही ते पाहावे.